भेदऱ्यांची भिंत

फाल्गुन अर्ध्यावर आला की भंडाऱ्याच्या बाजारात टमाटर विकणाऱ्यांचा धीर सुटतो. सकाळी जरा तोऱ्यात बसलेला माणूस दुपारपर्यंत तराजू बाजूला सारतो आणि ओंजळीनं पिशवीत टाकायला लागतो. अशा वेळी मला 'पुरे' म्हणता येत नाही. घरात खाणारे मोजके, त्यातल्या नातवाला टमाटर फक्त बाटलीतून आलेला चालतो, तरी मी पिशवीचे बंद तुटेस्तोवर घेऊन येते. सूनबाई फ्रीजचं दार उघडते, आत बघते, मग माझ्याकडे बघते. ती गुणाची पोर आहे, बोलत काही नाही. पण तिच्या त्या न बोलण्यात पुष्कळ काही असतं, आणि ते मला नीट ऐकू येतं.

मग मी विळी काढते. टमाटर आडवे चिरून, वर मीठ भुरभुरून, कापलेली बाजू आभाळाकडे करून परातीत मांडते आणि परात गच्चीवर नेऊन ठेवते. पाण्याच्या टाकीची सावली तिच्यावर पडणार नाही एवढी काळजी घेते. तासाभरानं फोडींच्या कडा आकसू लागतात आणि एक वास सुटतो. आंबट, खारट, किंचित करपट. उन्हाला वास असतो असं मी म्हटलं तर लोक हसतील, पण तो उन्हाचाच वास असतो. तो आला की मी टाकीला टेकून बसते आणि काही वेळ खाली कोणी हाक मारली तरी ओ देत नाही.

बाजारातले हे टमाटर लांबट, टणक, जाड सालीचे. लांबच्या प्रवासासाठीच जन्माला घातलेले. आमचे तसे नव्हते. आमचे होते भेदरे. टमाटरला आमच्याकडे भेदरेच म्हणायचे, अजूनही जुनी माणसं तेच म्हणतात. चपटे, भोपळ्यासारख्या पाकळ्या पडलेले, इतक्या पातळ सालीचे की तोडताना अंगठा जरा जोरात लागला की रस मनगटावर यायचा. बाजारापर्यंत ते कधी पोचलेच नसते. ते फक्त घरच्यांसाठी होते, आणि घरच्यांवर त्यांनी काय उपकार केले ते मला सांगायचं आहे.

आमचं गाव मोहाडी आणि वरठीच्या मधलं. धानाचं गाव. धान कापून झाला की बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या खाचरांमधल्या, धसकटांत लाखोळीची निळसर फुलं डोलायची, आणि त्याच दिवसांत घराघराच्या मागं सांदवाडी हिरवी व्हायची. सांदवाडी म्हणजे घरामागची कुंपणातली जागा. तिथं वालाचा वेल, सांबार म्हणजे कोथिंबीर, मिरच्यांची चार झाडं आणि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले भेदरे. आमच्या घरात माणसं भरपूर होती, त्यामुळे आंघोळीचं पाणीही भरपूर होतं. कोणी पाहुणा आला आणि आंघोळ न करता निघाला तर आई म्हणायची, राहू द्या, भेदरे उपाशी राहिले तर राहिले.

भेदऱ्यांचं बी मात्र आमचं नव्हतं. ते काकूचं होतं. काकू म्हणजे काकाजींची, माझ्या बाबांच्या धाकट्या भावाची बायको. नाव इंदू, माहेर करडीचं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत आली तेव्हा तिच्या पदराला एक गाठ होती. सगळ्यांना वाटलं, आईनं लेकीला काहीतरी दागिना दिला असेल. गाठ सोडली तर आत राखेत घोळलेलं बी. माझ्या आईला ही गोष्ट जन्मभर पुरली. करडीवाल्यांनी लेकीला काय दिलं म्हणून कोणी विचारलं की ती सांदवाडीकडे बोट दाखवायची. काकू लाजायची आणि झाडाभोवतीची माती उगाचच हलवायची.

लावणं काकूचं आणि वाळवणं आईचं, अशी त्यांची विभागणी कधी झाली कोणास ठाऊक. काकूच्या हाताला झाड ऐकायचं. दिवाळी झाली की ती रोपं लावायची, तुराट्यांचे टेकू द्यायची, पानांवर कीड दिसली की सकाळच्या दवात चुलीतली राख उडवायची. आई मधे पडून पाणी घालायला गेली की काकू हळूच तांब्या काढून घ्यायची. आणि वाळवण निघालं की आई काकूला तट्ट्याजवळ, म्हणजे बांबूच्या चटईजवळ, फिरकू द्यायची नाही. इंदूच्या हातच्या खुलाला बुरशी येते, असं तिचं ठाम मत होतं. खुला म्हणजे वाळवलेली भाजी. वांग्याचा करायचे, वालाच्या शेंगांचा करायचे, पण आमच्या घराचं नाव होतं भेदऱ्याच्या खुलासाठी.

माघ-फाल्गुनाच्या त्या दुपारी आठवल्या की मला अजूनही घरात बसवत नाही. दोघी जावा सांदवाडीत समोरासमोर विळ्या घेऊन बसलेल्या. मधे भेदऱ्यांची टोपली. चिरता चिरता बोलणं चाललेलं, आणि ते कधी संपायचं नाही. कोणाची सून, कोणाची गाय, कोणाच्या घरी काय शिजलं. आम्ही पोरं कोठ्याच्या कवेलूवर, म्हणजे कौलांवर, चढून तट्टे वर घ्यायचो. कोठा म्हणजे गुरांचा गोठा, त्याचं छप्पर ठेंगणं आणि उन्हात तापलेलं. कावळे हाकलायचं काम माझं आणि काकूच्या किसनाचं. आम्ही कावळ्यांपेक्षा जास्त खायचो. आईला ते माहीत होतं. संध्याकाळी तट्टा उतरवताना ती नुसती म्हणायची की यंदा कावळे फार माजले आहेत.

आईचा नियम असा होता की फोडीची कड आत वळल्याशिवाय तिला उलटवायची नाही. घाई केली की बी गळून जातं आणि नुसती साल उरते. आणि खुला झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, कानानं ठरवायचं. सुपात टाकला की कवडीसारखा वाजला पाहिजे. मग तो मडक्यात जायचा, मडक्याच्या तोंडाला फडकं, आणि मडकं शिक्यावर. पावसाळ्यात, रोवणीच्या म्हणजे धान लावायच्या दिवसांत, बाया चिखलातून वाकून वाकून कंबर मोडून घरी यायच्या, हिरवी भाजी कुठं मिळायची नाही, तेव्हा ते मडकं खाली यायचं. खुला आणि वाळलेले झिंगे, सोबत भात. त्या रश्शाचा पहिला भुरका घेतला की आई डोळे मिटायची. बाहेर पाऊस आणि ताटात फाल्गुनातलं ऊन. एवढं सुख आम्हाला पुरत होतं.

आईबद्दल एक सांगायला हवं. तिचे आईवडील तिच्या लहानपणीच गेले होते. भाऊ नव्हता. दिवाळीला, आखाडीला गावातल्या बाया माहेरी निघाल्या की ती घरात काहीतरी मोठं काम काढून बसायची. अशा घरात काकू आली आणि आईला माणूस मिळालं. जाऊ म्हणा, बहीण म्हणा, मैत्रीण म्हणा. काकू तिला 'बाई' म्हणायची. आईला जगात बोलायला एकच बाई होती आणि ती काकू होती. म्हणून पुढं जे झालं ते आमच्यासाठी शेताच्या वाटणीपेक्षा मोठं होतं.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. वरठीला कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या गावांतून सायकली तिकडे निघाल्या. काकाजी चिकटले. डबा हँडलला अडकवून ते जायचे आणि आले की पाय धुऊन झोपायचे, कारण पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. बाबांना वाटायचं, आपण चिखलात आणि हा सावलीत. काकाजींना वाटायचं, भट्टीजवळ उभं राहून घामाघूम व्हायचं आणि घरी येऊन सावलीचे टोमणे ऐकायचे. दोघंही आपापल्या जागी खरे होते, आणि तेच वाईट होतं. खोटं असणारा माणूस कधीतरी गप्प बसतो. हे दोघं बसले नाहीत. माघात भांडण झालं, आणि गुढीपाडव्यापासून वेगळं राहायचं ठरलं.

आईनं त्यात काकूला दोषी धरलं. कारण एका दुपारी भेदरे चिरताना काकू सहज बोलून गेली होती की वरठीच्या क्वार्टरांत बायका उभ्यानं स्वयंपाक करतात म्हणे, ओट्यावर. गुडघे दुखत नाहीत, धूर डोळ्यांत जात नाही. बस, एवढंच. तेव्हा आईही हसली होती आणि म्हणाली होती की उभ्यानं स्वयंपाक केला तर बसून गप्पा कधी मारायच्या. पण वाटणीचा शब्द निघाल्यावर तिला ते वाक्य आठवलं, आणि ती ते वाक्य सोडेचना. रात्री चुलीजवळ बाबांना म्हणाली, "तवाच समजाले पाहिजे होतं मले. तिचं मन या चुलीतून कवाच उठलं." बाबांना भांडण भावाशी करायचं होतं, भावजयीशी नाही. पण त्यांनी आईचं म्हणणं खोडलंही नाही.

पाडव्याला भांडी वाटली, धानाच्या ढोल्या वाटल्या, खोल्या वाटल्या. गंजापासून गडव्यापर्यंत सगळं अंगणात मांडलेलं बघून आपल्या घरात इतकं सामान आहे याचंच मला आश्चर्य वाटत होतं. शेवटी आईनं शिक्यावरून खुलाचं मडकं स्वतः उतरवलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं. सुपात ओतलं आणि हातानं दोन ढीग केले. इकडची फोड उचलून तिकडे, तिकडची इकडे, दोन्ही सारखे होईस्तोवर. आजवर त्या घरात खुला कोणी वाटून घेतला नव्हता. काकूनं आपला ढीग ओच्यात घेतला आणि ती आपल्या खोल्यांकडे गेली. जाताना आईकडे तिनं पाहिलं नाही, आणि आई तर सुपाकडेच बघत होती. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

आता अंगणात आणि सांदवाडीत भिंत घालायची होती. गावात मातीची भिंत घालायची तर माती बोडीतून आणायची ही रीत. बोडी म्हणजे लहान तलाव, उन्हाळ्यात तो आटला की तळातली चिकट माती बैलगाडीनं आणायची. पण इथं एक अडचण होती. बैलजोडीचीही वाटणी झाली होती. तांबडा बाबांकडे, बांड्या काकाजींकडे. एका बैलाची गाडी काही चालत नाही. दुसऱ्याचा बैल मागायचा तर बोलावं लागणार, आणि बोलायचं नाही म्हणून तर भिंत घालायची. गावातल्या म्हाताऱ्यांनी येऊन दोघांना समजावलं. शेजाऱ्याचा बैल लावा म्हणाले. पण शेजाऱ्याचा बैल मागितला की गावभर होणार की घरचे बैल उभे असून हे दुसऱ्याच्या दारी गेले. भंडाऱ्याच्या मातीत धान चांगला पिकतो, आणि ताठाही चांगला पिकतो.

मग त्यांनी काय केलं, तर जवळची माती घेतली. चैत्रात सगळी जमीन दगडासारखी झालेली, कुदळ मारली तर ठिणगी उडावी अशी. मऊ होती ती एकच जागा, न्हाणीच्या पाण्यावरची. भेदऱ्यांचा वाफा. झाडं तोवर संपत आली होती, वेल पिवळे पडले होते, खाली गळून सडलेल्या भेदऱ्यांचा थर साचला होता. दोघा भावांनी दोन बाजूंनी तोच वाफा खणला, त्यात धानाचं तणस टाकून चिखल तुडवला आणि थरावर थर चढवले. तुडवताना दोघं एकाच खड्ड्यात होते, पण पाठीला पाठ लावून. काकू दारात उभी राहून आपला वाफा खणला जाताना बघत होती. पदर तोंडाशी होता, म्हणून तिचा चेहरा दिसला नाही.

तो उन्हाळा फार मुका होता. भिंत काही उंच नव्हती, माणसाच्या खांद्याला लागेल एवढीच, पण आई खाली बसली की पलीकडचं काही दिसायचं नाही. ती कानानं बघायला शिकली. पलीकडे पाट्यावर वरवंटा फिरू लागला की तिचा हात थांबायचा. आज हिनं चटणी वाटली, असं स्वतःशीच म्हणायची. काकूच्या बांगड्यांचा आवाज, किसनावर ओरडलेला आवाज, काकाजींच्या सायकलची घंटी. एखाद दिवशी पलीकडे फार वेळ शांतता असली की ती उगाच उठून अंगण झाडायला लागायची. मला वाटायचं, म्हणावं तिला, आई, हाक मार ना. मारली तर काय होईल? पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ते ओठांवर यायचं नाही.

आज या गच्चीवर बसून मी ते आठवते तेव्हा आईचं मला जास्त कळतं. रागावलेल्या माणसाला राग सोडायला जागा लागते. आपण सोडला आणि समोरच्यानं उचललाच नाही तर काय, ही भीती रागापेक्षा मोठी असते. आईला हरायचं वाईट वाटत नव्हतं. काकूला ती नको झाली असेल, याचं वाटत होतं.

पावसाळा लागला. आर्द्रा चांगली बरसली, परे म्हणजे धानाची रोपं वाढली, रोवणीची घाई सुरू झाली. एका सकाळी मी भिंतीजवळ दात घासत उभी होते, तर भिंतीतून काहीतरी हिरवं बाहेर डोकावत होतं. आधी गवत वाटलं. मग पानाची कड पाहिली, देठावरची पांढरी लव पाहिली. पान चुरगळून नाकाशी नेलं आणि तशीच मंजन भरल्या तोंडानं आईला हाक मारली. आई म्हणाली, असेल काहीतरी तण. पण आली. तिनंही एक पान चुरगळलं, वास घेतला आणि बोटं पदराला पुसली नाहीत.

नीट पाहिलं तर सगळी भिंतच उगवली होती. थरांच्या फटींतून, वरून, बगलेतून, जिथं बघावं तिथं भेदऱ्याचं रोप. वाफ्याच्या मातीत गळून सडलेल्या फळांचं बी होतं, ते मातीबरोबर भिंतीत चढलं होतं आणि पाणी मिळताच त्यानं आपलं काम केलं होतं. वाटणी झाली आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. किसना शाळेच्या वाटेवर मला म्हणाला की त्याच्याही बाजूनं आले आहेत, आणि त्याची आई रोज सकाळी उठून तिथं जाऊन उभी राहते.

मातीची भिंत पावसात टिकवायची तर तिला शेणमातीनं लिंपायला हवं आणि डोक्यावर तणस घालायला हवं. बाबांनी दोनदा सांगितलं. आई कालवलेली शेणमाती घेऊन भिंतीजवळ गेली, हात वर उचलला, आणि तो हात रोपांमधून वाट काढत इथं थोडं, तिथं थोडं असा फिरला. निम्मी भिंत उघडीच राहिली. बाबा म्हणाले, बसेल भिंत. आई म्हणाली, बसली तर बसली, पुढच्या वर्षी पक्की घालू. पलीकडेही हेच चाललं होतं. काकाजी ओरडत होते आणि काकू होय होय म्हणत होती, पण लिंपत नव्हती. दोघींनाही वाटत असणार की आपण एकट्याच हे करतो आहोत.

मग झड लागली. सूर्य म्हणून दिसेना. आमची रोवणी चालू होती, सगळे वावरात. त्या दिवशी दुपारी पाऊस इतका वाढला की बांध्या एकमेकींत मिसळल्या, आणि काम टाकून आम्ही डोक्यावर पोत्याच्या खोळी घेऊन घरी आलो. आई सांदवाडीत पाय धूत होती. भिंत पडली तेव्हा मोठा आवाजही झाला नाही. थकलेलं माणूस धाप टाकून बसतं तशी ती बसली. मधला भाग सगळा खाली आला, दोन्ही टोकं गुडघ्याएवढी उरली.

आई पाय धुवायचे टाकून चिखलात शिरली. वाकली, आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली. बाबा दारातून विचारत होते की काय हरवलं, काय शोधते. तिनं वर पाहिलं नाही. ढेकूळ उचलायची, फोडायची, टाकायची. लुगडं गुडघ्यापर्यंत लाल चिखलानं भरलं. मला वाटलं, ती रडते आहे. पण पाऊसच इतका होता की काही सांगता येत नव्हतं.

"नका हुडकू, बाई," कोणीतरी म्हणालं.

समोर काकू उभी होती. आता मधे भिंत नव्हती. तिच्या कडेवर टोपली, टोपलीवर खोळ. तिनं खोळ बाजूला केली तर आत ओल्या मातीसकट रोपं, एकाला एक लावून नीट उभी केलेली.

"सकाळी भिंतीनं पोट काढलेलं दिसलं, म्हणून भेदरे काढून घेतले," काकू म्हणाली. "तुमच्या बाजूचेही काढले. घरात येऊन. तुम्ही वावरात होत्या, विचारलं नाही."

आई चिखलातच बसली होती. काकूकडे बघत राहिली. पाडव्यापासून तिनं काकूला नीट पाहिलंच नव्हतं. मग म्हणाली, "विचारा कायले लागते वं, इंदू? बी तुहंच त हाय."

काकू टोपली खाली ठेवून आईच्या शेजारी बसली. चिखलात, पावसात, काही न अंथरता. आणि मग दोघी त्या पडलेल्या भिंतीच्या मातीतच रोपं लावायला लागल्या, जणू आधीपासून तसंच ठरलं होतं. काकू खळगा करायची, आई रोप धरायची. मधेच काकूनं आईचा हात बाजूला केला, कारण आई रोप फार खोल घालत होती. तो हात बाजूला सारलेला पाहून मला हायसं वाटलं. बाबा आणि काकाजी दोन दारांत उभे राहून हे बघत होते. काही वेळानं बाबा घसा खाकरून म्हणाले, "दिवाळी झाल्यावर पाहू भिंतीचं." काकाजी म्हणाले, "हो, पाहू." त्या दोघांचं पाडव्यानंतरचं हे पहिलं बोलणं.

दिवाळी झाल्यावर त्यांनी पाहिलं नाही. पुढच्या दिवाळीलाही नाही. बोडीची माती आणायची तर तांबडा आणि बांड्या एका गाडीला जुंपावे लागणार होते, आणि एकदा ते जुंपले की त्या गाडीनं भिंतीची माती आणण्याइतका मूर्खपणा दुसरा नसता. पहिल्यांदा जुंपले ते धान आणायला. चुली मात्र वेगळ्याच राहिल्या, खोल्या वेगळ्या, ढोल्या वेगळ्या. मोडलेलं घर पुन्हा एक झालं अशी काही ही गोष्ट नाही. काकाजी आणि बाबा मरेपर्यंत एकमेकांशी बेतानंच बोलले.

पण पाऊस उघडल्यावर आईनं एक केलं. पडलेल्या भिंतीची जी माती वाफ्यापासून दूर सांडली होती ती गोळा केली, तुडवली, आणि काकूच्या घरात जाऊन तिला कंबरेएवढा ओटा घालून दिला. वर चूल. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा. तेच वाक्य, जे तिनं इतके महिने मुठीत धरलं होतं. वाटणी खरंच कोणी मागितली हे तिनं काकूला त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढंही कधी नाही. ओट्यातून भेदऱ्याचं रोप निघेल म्हणून किसना आणि मी बरेच दिवस लक्ष ठेवून होतो. चुलीच्या धगीपुढे त्याचं काही चाललं नाही. काकू त्या ओट्यावर उभ्यानं स्वयंपाक करायची आणि आई खाली पाटावर बसून तिच्याशी बोलायची, आणि मान वर करून करून आईची मान दुखायची. मग काकू पुन्हा खालीच बसायला लागली. ओट्यावर पाण्याची घागर आली.

त्या वर्षी भेदरे दिवाळीलाच लागले, सगळ्या गावाच्या आधी. आणि माघ आला तेव्हा चिरायला बसायची जागाही तयार होती. भिंतीच्या उरलेल्या टोकांपैकी एक टोक बसायला बरोबर उंचीचं होतं. त्यावर पोतं टाकून दोघी बसायच्या, एकीचे पाय इकडे, एकीचे तिकडे. खुला झाला की आई सुपात ओतून दोन ढीग करायची. चुली वेगळ्या होत्या ना. पण आता ढीग करताना भांडण व्हायचं, तुझा कमी आहे, तुमचा कमी आहे, घ्या, नको, घ्या. वाटण्यातही इतकं प्रेम असू शकतं हे मला तिथं कळलं.

आई जाऊन आता बराच काळ झाला. बाबा आणि काकाजी तर त्याआधीच गेले. किसना शेती बघतो. घर विटांचं झालं, न्हाणीचं बाथरूम झालं, पण पाणी अजून वाफ्यातच सोडलेलं आहे. ते भिंतीचं टोक किसनानं पाडू का म्हणून विचारलं होतं, तर काकूनं त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. आता त्याच्यावर सिमेंटचा हात फिरवून घेतला आहे. काकूला डोळ्यांनी फार दिसत नाही. भेदरे ती हातानं चाचपून तोडते आणि खुला कानानं ओळखते. आईची विद्या शेवटी तिला आली.

दरवर्षी चैत्रात किसना मोटारसायकलवर खुलाचं एक गाठोडं घेऊन माझ्याकडे येतो. मला वाटायचं, काकू आठवण म्हणून पाठवते. या खेपेला मीच गेले. काकू त्या टोकावर बसली होती, मांडीत सूप. मला आवाजावरून ओळखलं, शेजारी बसवलं, आणि हात चालूच ठेवला. सुपात दोन ढीग होते. इकडची फोड तिकडे, तिकडची इकडे, बोटांनी अंदाज घेत. किसनाची नवी सून शेजारी उभी होती. शहरातली मुलगी, बोलायला मोकळी. तिनं विचारलं की आजी, चूल तर आता एकच आहे, मग हे दोन ढीग कशाला?

"एक बाईचा हाय," काकू म्हणाली.

सून गोंधळली. बाई, म्हणजे मोठ्या आजी, तर केव्हाच गेल्या, असं ती हळू आवाजात म्हणाली.

"गेल्या त गेल्या," काकू म्हणाली. "वाटणी झाली हाय ना आमची. त्यायचा वाटा मी कशी खाऊ?"

तिनं एक ढीग पुन्हा चाचपला, दुसऱ्यातल्या थोड्या फोडी उचलून त्यात टाकल्या आणि सूप माझ्याकडे कलतं केलं. मी पदर पसरला आणि आईचा वाटा घेतला.